पन्नास तास कुणाचे?

वर्षाला पन्नास तास. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशातल्या प्रत्येक शिक्षकाकडून स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी एवढ्या वेळाची अपेक्षा ठेवली, आणि मुख्याध्यापकांकडूनही किमान तेवढीच. सहा तासांच्या शाळेच्या हिशेबाने हे आठ दिवसांहून थोडे अधिक होतात. कागदावर ते सगळ्यांना सारखे आहेत. नांदेडचे सोळा आणि लातूरचे दहा तालुके फिरून पाहिले, तर त्या आठ दिवसांचा अर्थ गावागणिक बदलतो. लातूर शहरातल्या मोठ्या अनुदानित शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला तर त्याचे तास दुसरा घेतो. किनवट-माहूरच्या डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळेत एक जण गेला की मागे राहिलेल्याच्या अंगावर सगळे वर्ग येतात, आणि त्या दिवशी शिकवणे बाजूला राहून पोरे सांभाळणे एवढेच त्याच्या हाती उरते.

पुढचा संवाद दोन भूमिकांचा आहे. एक आहेत लातूरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे मुरुडच्या डायटमधून, निवृत्त झालेले अधिव्याख्याते. दुसऱ्या आहेत मुखेड तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापिका. दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत, म्हणून त्यांना नावे दिलेली नाहीत. त्यांचे मुद्दे मात्र या दोन जिल्ह्यांत शिक्षकांची मासिक बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, सुटल्यावर चहाच्या टपरीवर नेहमी ऐकू येतात, आणि त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या योजना, वर्षे आणि आकडे खरे आहेत. दोघांची गाठ अहमदपूरला पडते असे समजू. नांदेडहून लातूरला जाताना ते वाटेतच लागते.

"तास मोजायचे नाहीत तर मोजायचं काय, मॅडम?" सर सुरुवात करतात. "मी नोकरीला लागलो तेव्हा डी.एड. झालं की शिकणं संपलं, असाच समज होता. पहिल्या दिवसाचं टाचण निवृत्तीपर्यंत उतरवणारे गुरुजी मी पाहिलेत. सक्ती आली म्हणून माणूस घराबाहेर पडला. बाहेर पडला म्हणून शेजारच्या गावातला शिक्षक काय करतो ते त्याला कळलं."

सरांच्या या बोलण्यामागे मराठवाड्याचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. शिक्षकांच्या तोंडी तो डीपीईपी या नावानेच राहिला. स्त्रियांची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी असलेले जिल्हे त्यासाठी निवडले गेले. महाराष्ट्रातले पहिल्या टप्प्यातले पाचही जिल्हे मराठवाड्यातले निघाले: औरंगाबाद, परभणी, उस्मानाबाद, लातूर आणि नांदेड. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची जखम तेव्हा ओली होती. अशा काळात या भागात गट साधन केंद्रे आणि समूह साधन केंद्रे उभी राहिली. शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये आणि शाळेला सुधारणेसाठी २,००० रुपये मिळू लागले. राज्याने त्याच सुमारास, शाळांच्या एकेका समूहावर म्हणजे केंद्रावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण केली. त्याच दशकात राज्यभरच्या प्राथमिक शिक्षकांसाठी 'स्मार्ट पीटी' नावाचे मोठे प्रशिक्षणही झाले. आज ज्याला सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास म्हणतात, त्याचा सांगाडा महाराष्ट्रात पहिल्यांदा नीट उभा राहिला तो याच मागास ठरवलेल्या जिल्ह्यांत.

"पाचशे रुपयांत काय येतं, असं म्हणू नका," सर सांगतात. "पुठ्ठे, मणी, चिंचोके, काड्या घेऊन आम्ही गणिताचं साहित्य बनवलं. महिन्याच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर मांडायचं. दुसऱ्याचं बघून आपलं सुधारायचं. हिशेब द्यावा लागायचा म्हणून काही जणांनी केलं, मान्य. पण केलं."

मॅडम हे खोडत नाहीत. "सर, तुम्ही सांगायलात ते मला पटतं. कारण त्यात मणी होते, आणि पुढच्या महिन्यात कुणाला तरी दाखवायचं होतं. आता आम्हाला लिंक यायलीय. लिंक उघडायची, व्हिडिओ बघायचा, चाचणी द्यायची, प्रमाणपत्र काढून गटात टाकायचं. टाकलं नाही की रात्री यादी येते, त्यात आपलं नाव लाल रंगात. माझ्या वर्गात काय बदललं, हे आजवर कुणी विचारलं नाही."

दीक्षा हे ऑनलाइन व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाले. २१ ऑगस्ट २०१९ ला 'निष्ठा' ही शिक्षक प्रशिक्षणाची योजना आली. देशातल्या सुमारे ४२ लाख प्राथमिक-उच्च प्राथमिक शिक्षकांपर्यंत आणि शाळाप्रमुखांपर्यंत पोहोचायचे, असा तिचा संकल्प होता. सुरुवातीला ती समोरासमोर चालली. कोरोनाने शाळा बंद केल्या आणि ऑक्टोबर २०२० पासून ती दीक्षावर गेली: १८ कोर्स, प्रत्येकाच्या शेवटी चाचणी, ७० टक्के गुण मिळाले तर प्रमाणपत्र. पुढे माध्यमिकसाठी दुसरी आवृत्ती निघाली आणि पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी १२ कोर्सांची तिसरी.

"ऑनलाइनला नावं ठेवणं सोपं आहे," सर म्हणतात. "मुरुडच्या डायटला उदगीरहून यायचं तर अर्धा दिवस जातो. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. लहान लेकरू घरात असलेल्या शिक्षिकेनं दहा दिवस मुक्कामी यायचं कसं? तिला घरी बसून देशातल्या चांगल्या तज्ज्ञाचं ऐकायला मिळतं, हे काय कमी आहे? आमच्या काळात पुण्याला जाऊन आलेल्या एका माणसाच्या वहीवर अख्खा तालुका अवलंबून असायचा."

"पोहोच वाढली, हे खरंच. पण चाचणीची उत्तरं कोर्स सुरू व्हायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायची, हेही खरं."

"उतरवणाऱ्यांचा दोष."

"दोष त्यांचा, हे मी नाकारत नाही. पण जो शिक्षक संध्याकाळी सात वाजता पोषण आहाराची माहिती भरून उठलाय, त्याला त्या कोर्समध्ये स्वतःच्या वर्गातलं एक पोर दिसलं असतं ना, तर त्यानं उत्तरं उतरवली नसती. माझ्या पहिलीतली लेकरं घरात गोरमाटी बोलतात. आईला याडी म्हणतात. पहिल्या दिवशी मी मराठीत बोलते आणि समोर अख्खा वर्ग गप्प. त्या लेकरांशी जूनमध्ये बोलायचं कसं आणि दिवाळीपर्यंत मराठीवर आणायचं कसं, हा माझा प्रश्न. त्याचं उत्तर कुठंय?"

"निष्ठा ३.० मध्ये बहुभाषिक वर्गावर स्वतंत्र कोर्स होता."

"होता. मी केला. तत्त्व चांगलं सांगितलंय: मुलाच्या भाषेचा आदर करा, तिच्यापासून सुरुवात करा. पण ती भाषा मला कोण शिकवणार? ती मला तांड्यावरच्या एका बाईनं शिकवली. सहावीपर्यंत शिकलेली आहे. तिच्याकडून मी शंभरेक शब्द वहीत उतरवून घेतले, दोन गाणी शिकले. माझं सगळ्यात उपयोगाचं प्रशिक्षण ते. त्याचे तास कुठं नोंदवायचे?"

हा प्रश्न एका तांड्यापुरता नाही. किनवट-माहूर भागात गोंडी आणि कोलामी बोलणारी मुले आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या सीमेवर घरात तेलुगू चालते; देवणी, निलंगा, उदगीरच्या सीमेवर कन्नड. दोन्ही शहरांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, तिथल्या शिक्षकांना प्रशिक्षणाचे साहित्य उर्दूत हवे असते. पुण्याला किंवा दिल्लीला बनलेला एकच कोर्स एवढ्या सगळ्यांच्या कामी पुरता येणार नाही, यात कोर्स बनवणाऱ्यांचा कमीपणा नाही. ते काम जिल्ह्याचे आहे. डायट ही संस्था १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून जन्मली ती नेमकी याचसाठी: जिल्ह्याचा प्रश्न जिल्ह्यात अभ्यासला जावा म्हणून. महाराष्ट्राने २०१६ मध्ये तिचे नाव बदलून त्यात 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' हे शब्दही घातले; काही वर्षांनी जुने नाव परत आले. या सगळ्या काळात अधिव्याख्यात्यांच्या रिकाम्या जागांचा प्रश्न तसाच राहिला. नांदेडच्या डायटला गोरमाटी-मराठी वर्गासाठी एक छोटी हस्तपुस्तिका करायची असेल, तर तांड्यांवर शिकवणारे दहा शिक्षक आणि एक पूर्णवेळ अभ्यासक एवढे पुरे. तो अभ्यासक नेमलेला असणे, इथेच सगळे अडते.

सर थोडा वेळ आपल्या जुन्या संस्थेबद्दल बोलतात. "एकेका माणसाकडे तीन-तीन विभागांचं काम. वरून प्रशिक्षणाच्या तारखा येतात, घटक येतात, सादरीकरण येतं. आम्ही ते तालुक्याला पोचवायचं. तालुका केंद्राला पोचवतो. वरचा तज्ज्ञ पाच दिवस जे बोलला ते खाली येईपर्यंत दोन दिवसांचं होतं आणि त्यातला कृतीचा भाग गळून जातो. ही उतरंड मी वर्षानुवर्षं चालवलीय, म्हणून सांगतो."

"मग तिचं समर्थन का करायलात?"

"कारण तिच्याशिवाय एवढ्या शिक्षकांपर्यंत जायचा दुसरा रस्ता मला दिसला नाही."

रस्ता होता, आणि महाराष्ट्राने तो चालूनही पाहिला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. मुले जमिनीवर गटात बसून साहित्य हाताळत शिकू लागली आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयानंतर अशा शाळाभेटींना आणखी जोर आला. मराठवाड्यातले शिक्षक पदरचे पैसे घालून, गाड्या करून गेले. आपल्यासारखीच जिल्हा परिषदेची शाळा, आपल्यासारखीच गरीब मुले, आणि ती भराभरा वाचतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावर जो विश्वास येतो तो सादरीकरणाने येत नाही. या एका गोष्टीत मॅडमची बाजू नि:संशय वजनदार आहे.

तरी त्या लाटेचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. पुष्कळ शाळांत फरशीवर रंगीत रेखाटने आली, भिंती बोलक्या झाल्या, फोटो निघाले. मुलांशी बोलण्याची पद्धत बदलायला मात्र महिनोन्‌महिने सोबत लागते, आणि ती सोबत बहुतेकांना मिळाली नाही. एकदा पाहून आलेला शिक्षक पहिल्या अडचणीला एकटा पडला की जुन्या वाटेने जातो. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात हेच दाखवले होते: नुसते व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांतले फार थोडे वर्गापर्यंत पोहोचते, सोबतीला वर्गात येऊन मदत करणारा कुणी असेल तर पुष्कळ टिकते. त्याहून जवळचे उदाहरण मध्य प्रदेशातले आहे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. उन्हाळ्यात तीन आठवड्यांचे प्रशिक्षण, आणि त्यानंतर वर्षभर दर महिन्याला संगम केंद्रावर शिक्षकांची बैठक. कुठला प्रयोग फसला, कुठल्या प्रश्नाला उत्तर सुचले नाही, हे त्या बैठकीत मांडायचे. साध्या सरकारी शाळांतले शिक्षक तिथे विज्ञानावर वाद घालायला शिकले. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षे तो चालला ते या मासिक बैठकीच्या जोरावर.

आपल्याकडेही महिन्याला शिक्षण परिषद होते. सांगाडा तोच आहे.

"तेच तर म्हणते," मॅडम म्हणतात. "शिक्षण परिषदेत पहिला तास सूचनांचा. कुठली माहिती राहिली, कुणाचं आधार जुळलं नाही, कुणी पोर्टल भरलं नाही. मग एक जण वरून आलेला विषय वाचून दाखवतो. चारला सगळे घड्याळ बघायलेत. कारण शेवटची गाडी साडेचारला. माझ्या केंद्रातला एक शिक्षक भागाकार इतका सुंदर शिकवतो, सर, पण त्याला परिषदेत कधी कुणी उभं केलं नाही. केंद्रप्रमुखांना तरी दोष कसा द्यावा? त्यांच्याकडे दोन केंद्रं आहेत, ते वर्गात कधी येणार?"

केंद्रप्रमुख हा या सगळ्या व्यवस्थेतला असा माणूस आहे, ज्याने शिक्षकाच्या वर्गात मागे बसून धडा पाहावा अशी मूळ कल्पना होती. पदांचा मोठा भाग वर्षानुवर्षे रिकामा राहिला आणि भरलेल्या पदांवरची माणसे अहवाल गोळा करण्यात अडकली. नव्या व्यासपीठावर होणाऱ्या खर्चाआधी या जागा भरणे अधिक निकडीचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. नांदेड-लातूरच्या ग्रामीण शिक्षकाला सर्वांत जवळची व्यावसायिक सोबत मिळू शकते ती इथेच, आणि त्यासाठी कुठलाही नवा शोध लावायचा नाही.

मुख्याध्यापकांच्या बाबतीत मात्र सरांचे म्हणणे अधिक पटते. मॅडम आपली हकिगत सांगतात: तांड्यावर साठाच्या आत मुले, शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने दोन शिक्षक. पाचवीपर्यंतच्या शाळेला १५० हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. म्हणून त्या 'प्रभारी'. "चार्ज म्हणजे कपाटाच्या किल्ल्या, तांदळाचा साठा आणि बँकेतली सही. शाळा चालवायची कशी हे कुणी शिकवलं नाही."

"शिकवणाऱ्या संस्था आहेत, मॅडम. दिल्लीत राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र २०१२ पासून आहे. शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राज्याची संस्था तर आपल्या संभाजीनगरलाच आहे. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आहे, त्यांचं विभागीय केंद्र नांदेडला आहे. आपले लोक तिथं का जात नाहीत?"

"प्रभारीला कोण बोलावतं?"

यावर सर क्षणभर थांबतात आणि मग जे बोलतात ते महत्त्वाचे आहे. "नाही बोलावत. आणि ही चूक आहे. धोरणात मुख्याध्यापकांसाठी जे पन्नास तास सांगितलेत, त्यात व्यवस्थापनाबरोबर अध्यापनाचा आराखडा बनवणं आणि राबवणंही आहे. म्हणजे मुख्याध्यापकानं सहकाऱ्याच्या वर्गात बसून त्याला मदत करायची. पण आपल्या लहान शाळांत ही खुर्ची प्रभारीकडेच असते. त्यांना वगळून नेतृत्व विकास करायचा म्हणजे फक्त शहरातल्या शाळांचा करायचा."

शाळा बदलते ती तिच्या प्रमुखामुळे, हे जुने निरीक्षण आहे. लातूरकरांना ते वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या महाविद्यालयातून पुढे आलेल्या 'लातूर पॅटर्न'बद्दल, म्हणजे परीक्षेच्या तयारीच्या त्या पद्धतीबद्दल, मतभेद असू शकतात. तो गुणांपुरता आकसला, शिकवणीवर्गांनी तो गिळला, ही टीका आजही होते. पण सुरुवातीच्या त्या महाविद्यालयांत शिक्षकांनी एकत्र बसून काम उभे केले होते आणि त्यांच्यामागे ठाम उभे राहणारे प्राचार्य होते, ही बाब प्राथमिक शाळांनीही घेण्यासारखी आहे.

पगाराचा विषय निघतो तेव्हा संवादाला धार येते. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी यांसाठी प्रशिक्षणाची अट आहे. २०२२ मध्ये हे प्रशिक्षण इन्फोसिसच्या व्यासपीठावरून ऑनलाइन झाले आणि त्यासाठी शिक्षकांनी २,००० रुपये शुल्क भरले.

"बघा," सर म्हणतात, "तिथं कुणी लिंकचा कंटाळा केला नाही. पगाराशी जोडलं की माणूस येतो."

"येतो, सर. आणि श्रेणी मिळाली की विसरतो. मधल्या बारा वर्षांत काय?"

"मधल्या बारा वर्षांसाठीच तर पन्नास तास आहेत."

"मग त्यात धोरणानं स्वतःच लिहिलेली गोष्ट का वगळली? शिक्षकानं स्वतःच्या आवडीप्रमाणे हे तास घ्यावेत, असं तिथं आहे. मला आजवर विचारलं का, तुम्हाला काय शिकायचंय म्हणून?"

मॅडमनी दाखवलेली जागा बरोबर आहे. धोरणात पन्नास तासांच्या अपेक्षेला शिक्षकाची स्वतःची आवड जोडलेली आहे. खाली येता येता तास टिकले आणि आवड गळाली. सिंगापूरमध्ये शिक्षकाला वर्षाला शंभर तास मिळतात, तिथे तो त्याचा हक्क मानला जातो. जपानमध्ये तर शिक्षकांचा गट मिळून एक धडा महिनोन्‌महिने घडवतो, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघत मागे बसतात आणि नंतर त्यावर बोलतात. 'जुग्यो केंक्यू' या नावाची ही पद्धत तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे. तिला इंटरनेट लागत नाही. लागतो तो एक मोकळा दिवस आणि एकमेकांचा वर्ग बघायची मुभा.

आवडीचे शिकायचे तर नांदेडच्या शिक्षकाला नकाशाही वेगळ्या नजरेने बघावा लागेल. पुणे साडेचारशे किलोमीटर. हैदराबाद तीनशेच्या आत, रात्री गाडीत बसले की सकाळी तिथे. हैदराबादला इंग्रजी आणि परदेशी भाषांचे विद्यापीठ आहे, इंग्रजीच्या शिक्षकांसाठी त्याचे काम मोठे आहे. सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची शाखाही तिथेच. सेवेतल्या शिक्षकांना बाहुल्या, हस्तकला, लोककला वर्गात कशा आणायच्या हे ती शिकवते. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची प्रादेशिक केंद्रे प्रतिनियुक्तीवर आलेल्या शिक्षकांना दहा महिन्यांत दुसरी भारतीय भाषा शिकवतात. सीमेवरच्या तेलुगू किंवा कन्नड मुलांच्या शिक्षकाला याहून उपयुक्त काय असेल? या संधी सरकारी आहेत. त्यांची पत्रे येतातही, पण रोजच्या माहितीच्या मागण्यांत बुडतात, आणि कुणी अर्ज केलाच तर 'शाळेत पर्याय कोण?' या प्रश्नावर परवानगी अडते. हा प्रश्न खोटा नाही. दोन शिक्षकी शाळेतून एकाला दहा महिने सोडायचे तर त्या जागी माणूस द्यावा लागतो, आणि ती तरतूद शिक्षकाने करायची नसते.

वेळापत्रकाचेही तसेच. कंधार, मुखेड, जळकोट भागातून दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोणती मुले आई-बापांबरोबर जाणार, कोणती हंगामी वसतिगृहात राहू शकतील, हे घरोघर जाऊन ठरवायचे ते आठवडे असतात. प्रशिक्षण नेमके त्याच आठवड्यात आले तर शिक्षक सभागृहात बसलेला असतो आणि त्याचा वर्ग ट्रॅक्टरमध्ये. जिल्ह्याने तारखा ठरवल्या तर हे टळते. राज्याने एकच तारीख दिली तर टळत नाही.

आणि आता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण करावी लागेल. पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांची नोकरी राहील, पण परीक्षेशिवाय पदोन्नती मिळणार नाही. महाराष्ट्रात ही परीक्षा पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली. त्याआधी लागलेल्या शिक्षकांत या निकालाने मोठी अस्वस्थता पसरली.

"मी याच्या बाजूनं आहे," सर शांतपणे म्हणतात. "मुलांना किमान पात्र शिक्षक मिळणं हा त्यांचा हक्क आहे. शिक्षकानं परीक्षेला घाबरू नये."

"घाबरण्याचा विषय नाही, सर. मी २०१३ ची परीक्षा पास होऊनच आले. पण माझे सहकारी पन्नाशीला टेकलेत. त्यांना अख्ख्या तांड्याची पोरं नावानं माहीत, कुणाचा बाप कुठल्या कारखान्याला गेलाय ते माहीत. ते आता रात्री बालमानसशास्त्राच्या व्याख्या पाठ करायलेत. दोन वर्षं त्यांचा सगळा शिकण्याचा वेळ त्यात जाणार. एवढी वर्षं प्रत्येक प्रशिक्षणाला हजर राहिले ते. त्या प्रशिक्षणांतून त्यांची पात्रता ठरवता येत नसेल, तर ती प्रशिक्षणं कशासाठी होती?"

सरांकडे याचे उत्तर नाही आणि ते तसे कबूल करतात. न्यायालयापुढचा प्रश्न कायद्यातल्या किमान पात्रतेचा होता, प्रशिक्षणाच्या दर्जाचा नव्हे. तो भेद त्यांना माहीत आहे. पण तीस वर्षांच्या प्रशिक्षणाचा कुठलाही पुरावा हजेरीपटापलीकडे व्यवस्थेने ठेवला नाही, हे मॅडमचे म्हणणे त्यांना लागते. वर्गभेटीची नोंद, शिक्षकाने स्वतः लिहिलेला अनुभव, मुलांच्या वाचनात पडलेला फरक, असे काही साठवले असते तर आज त्या पन्नाशीच्या शिक्षकाला दाखवायला काहीतरी असते.

"बरं, तुमच्या हातात दिलं तर काय कराल?" ते विचारतात.

मॅडमचा हिशेब तयार आहे. पन्नासातले वीस तास राज्याचे: नवा अभ्यासक्रम, कायदे, जे सगळ्यांना सारखे हवे ते, हे खुशाल ऑनलाइन करा. उरलेले तीस केंद्राचे. त्यात दहा महिन्यांच्या शिक्षण परिषदा, सूचना आधीच फोनवर पाठवून परिषदेत फक्त वर्गातले काम. वर्षातून चार वेळा एकमेकांच्या शाळेत जाऊन वर्ग पाहणे. आणि काही तास शिक्षकाने स्वतः निवडलेल्या विषयाला, मग तो भागाकार असो की गोरमाटी.

"तीस फार झाले," सर मान हलवतात. "पंधरा द्या. केंद्रावर सोडलं की चांगली केंद्रं पुढं जातील आणि बाकीची चहा पिऊन घरी जातील. तपासणार कोण?"

"दुसऱ्या शाळेतला शिक्षक. त्यानं मागं बसून पाहिलं आणि दोन ओळी लिहिल्या की झाली नोंद."

"त्याचा प्रवासभत्ता?"

"तो जिल्ह्यानं मागायचा. समग्र शिक्षाचा वार्षिक आराखडा तालुक्यातूनच वर जातो की. वर्षअखेरीला आपण गणवेश, वर्गखोल्या, सगळं मागतो. शिक्षकानं दुसऱ्याचा वर्ग बघायला जायचे पैसे कुठल्या तालुक्यानं मागितलेत का आजवर?"

सरांनी पिशवीतून कोरा कागद काढला. मागणी कुठल्या शीर्षाखाली बसेल ते त्यांना माहीत होते. अशी टिपणे त्यांनी आयुष्यभर लिहिली होती. मुखेड तालुक्यातली केंद्रे किती, शाळा किती, वर्षाला चार भेटी धरल्या तर भत्ता किती, ते एकेक आकडा विचारत गेले आणि मॅडम सांगत गेल्या. तासांच्या रकान्यापाशी दोघे अडले. मॅडमनी तीस लिहायला सांगितले. सरांनी पंधरा लिहिले, आणि त्यावर पुन्हा वाद सुरू झाला.